लेक वनस्पतींच्या लॅबमध्ये जायचं म्हणते. आधी तिथली माणसं पाहून या

प्रश्न : माझी मुलगी टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय बॉटनी. विद्यापीठात एम.एस्सी. करून पुढे संशोधनच करायचं म्हणते. आम्ही शेतकरी माणसं. लॅबमध्ये ही मुलं दिवसभर करतात काय आणि हातात पैसा कधी येतो, हे कोणी नीट सांगत नाही. – एक पालक, संगमनेर

नमस्कार,

पैशाचं आधी सांगतो. एम.एस्सी.ची दोन वर्षं घरूनच खर्च. त्यानंतर सीएसआयआर-यूजीसी नेट या देशपातळीवरच्या परीक्षेतून जेआरएफ (संशोधन करणाऱ्यांना मिळणारी फेलोशिप) मिळालं, तर पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडे भत्ता. प्रवर्गानुसार बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही फेलोशिप आहेत. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं लागतं. फेलोशिप मंजूर झाली तरी पैसे खात्यावर यायला महिने लागतात, म्हणून पहिल्या सहा महिन्यांची तजवीज घरात ठेवाच. आणि नेटमध्ये ‘फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र’ असा निकाल लागला, तर त्यात प्रवेशाची वाट आहे, पैसे नाहीत. हा फरक न समजल्यामुळे बरीच घरं फसतात.

नेटच्या लाइफ सायन्सेस पेपरला २०० गुण. त्यातले १०० भाग ‘सी’चे : ७५ प्रश्नांतले कोणतेही २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण, चुकलं तर एक गुण कापला जातो. नुसत्या बॉटनीवर हा भाग निघत नाही. जनुकशास्त्र, बायोकेमिस्ट्री, पेशीशास्त्र आतापासूनच हातात घ्यायला सांगा.

आता लॅबमधली माणसं. गाईड म्हणजे प्राध्यापक. त्यांचा दिवस तासिका, प्रकल्पाचे प्रस्ताव आणि खरेदीच्या फायलींत जातो. हातात पिपेट (द्रव मोजून घ्यायची नळी) क्वचितच दिसते. काम खरं शिकवतात ते वरच्या वर्षाचे पीएच.डी.वाले. काही ठिकाणी एखादा पोस्ट-डॉक, म्हणजे पीएच.डी. झालेला संशोधक, असतो. प्रोजेक्ट असिस्टंट कंत्राटी असतो, प्रकल्प संपला की नोकरी संपली. ‘आधी प्रोजेक्टवर लागते, नेट नंतर बघू’ हा बेत सहसा फसतो, कारण दिवसभराच्या कामानंतर अभ्यास होत नाही. मग तंत्रज्ञ आणि पॉलिहाऊसचे माळीकाका. या दोघांशिवाय लॅब आठवडाभरही नीट चालत नाही, आणि शोधनिबंधावर त्यांचं नाव बहुतेक वेळा नसतं.

दिवसभर काय करतात, ते एका उदाहरणावरून पाहा. जगभरच्या लॅबमध्ये अ‍ॅराबिडॉप्सिस नावाचं मोहरीच्या कुळातलं इवलंसं रोप वापरतात. बी इतकं बारीक, की हजार बियांचं वजन जेमतेम २० मिलिग्रॅम. बी दोन-तीन दिवस ४ अंशांवर थंडीत ठेवायचं, मग २२ अंश तापमान आणि १६ तास उजेड. बी ते बी, सहा ते आठ आठवडे. नवा जनुक घालायचा तर फुलोरा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जनुक वाहून नेणाऱ्या जिवाणूच्या द्रावणात बुडवतात. त्या रोपांच्या बियांत शेकडा एखाद्यातच जनुक उतरतो. नव्या जनुकाबरोबर कॅनामायसिन या प्रतिजैविकाला तोंड देणारा जनुकही जोडलेला असतो, म्हणून हजारो बिया कॅनामायसिन घातलेल्या प्लेटवर पेरायच्या. पिवळी पडतात ती सोडायची, हिरवी राहतात ती उचलायची. पुढच्या पिढीत हिरव्या-पिवळ्यांचं प्रमाण ३:१ येतं का, ते मोजायचं; आलं तर जनुक बहुधा एकाच जागी बसलाय. अशा तीन पिढ्या म्हणजे निव्वळ वाढवण्यातच पाच-सहा महिने. मध्ये शनिवार-रविवारी पाणी द्यायचं राहिलं किंवा ग्रोथ चेंबरची (रोपं वाढवायच्या बंद कपाटाची) वीज गेली, की पुन्हा पहिल्यापासून. पीएच.डी.ला नियमाने किमान तीन वर्षं असली तरी वनस्पतींच्या कामात चार-पाच का लागतात, ते यावरून कळेल. पेर चुकली की हंगाम जातो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पानाचा रंग फिरलेला चटकन ओळखणारी शेतकऱ्याची मुलगी इथे खरंच उपयोगी पडते.

दुसरं काम टिश्यू कल्चरचं, म्हणजे झाडाचा छोटा तुकडा बाटलीतल्या पोषक माध्यमावर वाढवून रोपं करण्याचं. केळीची जी-९ रोपं याच पद्धतीने तयार होतात, त्यामुळे हा हात बसला तर खासगी लॅबमध्येही काम मिळू शकतं. माध्यमाचा पीएच (आम्लतेचं माप) ५.८ ठेवायचा, फार खाली गेला तर माध्यम घट्ट करणारा आगर गोठतच नाही. मग निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाच्या भांड्यात) १२१ अंशांवर १५-२० मिनिटं. बाटल्या खराब झाल्या तर नुसत्या फेकायच्या नाहीत, आधी निरखायच्या. तुकड्याच्या बुडाशी दुधट, बुळबुळीत वलय असेल तर बहुधा जिवाणू तुकड्याबरोबरच आलेत, निर्जंतुकीकरण कमी पडलं. माध्यमावर तुकड्यापासून लांब कापसासारखी बुरशी असेल तर चूक हाताची, झाकणाची किंवा लॅमिनारच्या (गाळलेल्या हवेत काम करायच्या टेबलाच्या) हवेची. हा फरक बाटली हातात देऊन दाखवणारा सीनियर मिळाला, तर तिचं निम्मं वर्ष वाचेल.

म्हणून आमचं स्पष्ट मत : विद्यापीठाचं नाव दुसरं, गाईड आणि लॅबमधली माणसं पहिली. पुणे किंवा कोल्हापूरचं विद्यापीठ, पुण्यातली आघारकर संशोधन संस्था, जिथे विचार असेल तिथे तिने आधी एक दिवस जाऊन यावं. देशातल्या तीन विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप आहे, तिचाही अर्ज भरावा. आपलं मन इथे रमतं का, ते तिथे कळतं.

भेटीत गाईडपेक्षा विद्यार्थ्यांशी जास्त बोलावं. शेवटच्या तिघांची पीएच.डी. किती वर्षांत झाली, ते आता कुठे आहेत, मध्येच सोडून कोण गेलं? वीज गेल्यावर चेंबरला जनरेटर आहे का? सुट्टीच्या दिवशी पाणी कोण देतं, त्याची पाळी लावलेली आहे का? आणि जमल्यास फ्रीजमधल्या नळ्या पाहाव्यात. मार्करची शाई अल्कोहोल लागलं की पुसली जाते, म्हणून सांभाळून काम करणारी मुलं टेप चिकटवून पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहितात. कोऱ्या, बिननावाच्या नळ्यांनी खण भरलेला दिसला, तर दुसरी लॅब पाहावी.