तिकीटबारी : ऊन पडलं की पोटात गोळा

मागच्या महिन्यात बोलता बोलता लिहून गेले की माझे धाकटे दीर लेस्टरला, मी हाउन्स्लोला, आणि दर शुक्रवारी दुपारी फोनवर आम्ही ब्रिटनमधल्या सिनेमांच्या शुक्रवार ते रविवारच्या गल्ल्याचा आकडा सांगून एका पौंडाची पैज लावतो. त्यावर पत्रांचा ढीगच आला. एका बाईंनी "या वयात जुगार?" असं विचारलंय. हो, या वयातच. १९९९ साली पश्चिम लंडनमधल्या एका मल्टिप्लेक्समध्ये तिकीट खिडकीवर लागले आणि २०२२ संपताना ड्युटी मॅनेजर म्हणून बाहेर पडले. इतकी वर्षं सोमवार उजाडला की आधी आकडा, मग चहा. ती सवय काही सुटलेली नाही. आलेल्यांपैकी काही पत्रांना उत्तरं देते.

हे आकडे थिएटरवाले फुगवत नाहीत कशावरून? पोस्टरवर तर काहीही छापतात. (एक वाचक, रेडिंग)

फुगवले तर नुकसान त्यांचंच. तिकिटाच्या पैशातला ठरलेला हिस्सा थिएटरने वितरकाला द्यायचा असतो. शंभर तिकिटं जास्त दाखवली की त्या शंभरांचा हिस्सा स्वतःच्या खिशातून जाणार. तिकिटांचा आकडा थिएटरांकडून कॉमस्कोर या कंपनीकडे जातो, तिथून तो वितरकांना दिसतो. रविवारी येतो तो अंदाज असतो, कारण रविवार रात्रीचे शो अजून व्हायचे असतात. पक्का आकडा सोमवारी. मग ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजे आपलं बीएफआय, पहिल्या पंधरा चित्रपटांचा तक्ता दर आठवड्याला सगळ्यांसाठी फुकट लावतं. पैज लावायला तेवढा पुरतो.

दोन गोष्टी मात्र माहीत असू द्या. या आकड्यात आयर्लंडही धरलेलं असतं, डब्लिनचे युरो पौंडात बदलून. आणि त्यात व्हॅटही असतो. तुम्ही १२ पौंडांचं तिकीट काढलंत तर गल्ल्यात १२ लागतात, पण त्यातले २ सरकारचे. थिएटर आणि वितरक भांडतात ते उरलेल्या १० वर. पोस्टरबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पोस्टरवर "नंबर वन" लिहायला कुणाची ना नसते. कुठल्या आठवड्यात नंबर वन, हे बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच.

तक्त्यात एका चित्रपटाचा "वीकेंड" मोठा दिसतो, तरी तुम्ही म्हणता तो कमी चालला. हे कसं? (एक वाचक, मिल्टन कीन्स)

कारण त्या वीकेंडमध्ये बुधवार लपलेला असतो. इथे चित्रपट शुक्रवारी लागतात, पण मोठ्यांपैकी बरेच बुधवारी किंवा गुरुवारी लावतात, किंवा आधीच्या शनिवार-रविवारी पैसे घेऊन प्रीव्ह्यू दाखवतात. ते सगळं पहिल्या वीकेंडच्या आकड्यात घालतात. मग पाच दिवसांची कमाई तीन दिवसांच्या रकान्यात बसते आणि पुढच्या आठवड्यात "साठ टक्के घसरला" म्हणून गावभर बोंब होते. घसरलेला नसतो, पहिला आकडाच उसना असतो.

बॉन्डचे दोन चित्रपट घ्या. 'स्कायफॉल' २६ ऑक्टोबर २०१२ ला, शुक्रवारी लागला आणि तीन दिवसांत २ कोटी पौंडांच्या जरा वर गेला. 'स्पेक्टर' २०१५ मध्ये त्याच तारखेला लागला, पण ती तारीख सोमवारी आली होती. सात दिवसांत ४ कोटींच्या वर गल्ला, सगळीकडे विक्रमाच्या बातम्या. शेवटी ब्रिटनमध्ये १० कोटी पौंडांचा टप्पा ओलांडला तो 'स्कायफॉल'ने, तोही सगळ्यांत पहिल्यांदा. 'स्पेक्टर' त्या टप्प्याच्या अलीकडेच थांबला.

अंदाज बांधायचा कसा, ते एकदा नीट सांगाच. मी मुलीबरोबर खेळ म्हणून सुरू करणार आहे. (एक वाचक, एडिनबरा)

तुमचं पत्र स्कॉटलंडहून आलंय म्हणून कॅलेंडरपासूनच सुरुवात करते. तुमच्याकडे शाळा जूनअखेर सुटतात आणि ऑगस्टच्या मध्याला भरतात. इंग्लंडात सुटतात जुलैच्या उत्तरार्धात, भरतात सप्टेंबरात. म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागलेल्या मुलांच्या चित्रपटाला ग्लासगो-एडिनबरात दुपारी गर्दी, आणि आमच्याकडे त्याच वेळी रिकाम्या खुर्च्या. माझ्या जुन्या वहीत दर पानाच्या डोक्यावर आधी हेच लिहिलेलं असायचं: सुट्टी कुणाला, बँक हॉलिडे आहे का, मॅच आहे का, आणि हवामान.

बँक हॉलिडेत एक गंमत आहे. सोमवारी सुट्टी असली की रविवार रात्रीचे शो भरतात, एरवी रविवारी सात नंतर आम्ही जांभया द्यायचो. पण सोमवारची स्वतःची कमाई शुक्रवार-ते-रविवारच्या रकान्यात येत नाही. नवखा माणूस तीही धरतो आणि हरतो. नाताळाचं आणखी वेगळं. २५ डिसेंबरला इथली बहुतेक थिएटरं बंद असतात. २०२२ साली तो रविवारी आला, म्हणजे वीकेंड उरला शुक्रवार आणि शनिवारचा, त्यातही २४ तारखेला संध्याकाळी लोक घराकडे पळतात. त्या आठवड्यात कोण किती घसरला याला अर्थच नव्हता.

हवामान. वर्षातला पहिला उबदार शनिवार आला की आमच्या पोटात गोळा. लोक अंगणात खुर्च्या टाकतात, बार्बेक्यू पेटवतात, अंधाऱ्या खोलीत कोण येऊन बसणार? बर्फही नको, गाड्याच निघत नाहीत. आम्हाला हवा असायचा मधला पाऊस, ज्यात बागेत बसवत नाही पण गाडी काढता येते. जुलै २०२३ तसा होता. पाऊस हटतच नव्हता आणि २१ तारखेला 'बार्बी' आणि 'ओपनहायमर' एकाच दिवशी लागले. भाऊजी म्हणाले, दोघं एकमेकांना खाणार. मी म्हटलं, शाळा सुटताहेत, बाहेर चिखल आहे, आणि बायका गुलाबी कपडे विकत घेऊन बसल्यात. कुणी कुणाला खात नाही. 'बार्बी' १ कोटी ८५ लाख पौंड, 'ओपनहायमर' १ कोटी ९ लाख. आकडे माझेही चुकले, पण त्यांच्यापेक्षा कमी चुकले. पौंड माझा.

आता कागद घ्या. आधी बघा चित्रपट किती थिएटरांत लागतोय. ६०० च्या वर म्हणजे मोठा मासा. मग त्याच्यासारखे, त्याच महिन्यात लागलेले दोन-तीन जुने चित्रपट काढा आणि त्यांची दर थिएटरामागची सरासरी पाहा. समजा ५,००० पौंड सरासरी वाटतेय आणि थिएटरं ६०० आहेत, तर ३० लाख. हा झाला कच्चा आकडा. त्यावर अमेरिकेची फुटपट्टी लावून बघा. धंद्यातला जुना ठोकताळा असा की अमेरिकेत १० कोटी डॉलर कमावणारा चित्रपट इथे साधारण १ कोटी पौंड कमावतो. ठोकताळा कुठे मोडतो ते कळलं की तुम्ही तयार झालात. अस्सल इंग्रजी मातीचं काही असलं की तो मोडतोच. 'पॅडिंग्टन २' ने अमेरिकेत जेमतेम ४ कोटी डॉलर केले आणि इथे ४ कोटी पौंडांच्या वर. उलट, अमेरिकन फुटबॉलवरचा चित्रपट आला की मी डोळे मिटून फुटपट्टीच्या खाली जाते.

वयाचं सर्टिफिकेटही बघा. १२ए असेल तर आठ वर्षांचं पोर आईबरोबर येऊ शकतं. १५ असेल तर चौदा वर्षांची मुलं खिडकीवर "ओळखपत्र घरी राहिलं" म्हणत उभी राहतात आणि परत जातात. अशी किती परत पाठवली त्याचा हिशेब नाही, एकाने तर आजोबांचा बसपास दाखवला होता.

बुधवारी रात्री माझा एक उद्योग असतो. शनिवारच्या सात-साडेसातच्या शोचे खुर्च्यांचे नकाशे उघडते, एक मध्य लंडनमधल्या लेस्टर स्क्वेअरजवळचं थिएटर, एक आमच्या पट्ट्यातलं, एक कुठल्यातरी मधल्या गावातलं. लेस्टर स्क्वेअर भरलेलं दिसलं तर फार हुरळून जायचं नाही, तिथे चाहते आधीच खुर्च्या धरून ठेवतात. मधल्या गावात बुधवारीच तीन रांगा लाल, म्हणजे विकलेल्या, दिसल्या, तर आकडा वाढवायचा. मुलांच्या चित्रपटाला मात्र नकाशा रिकामाच दिसतो, कारण घरचे लोक शनिवारी सकाळी मूड बघून निघतात. त्यांचा शुक्रवारही असाच फसवा, निम्मे लोक यायचेच असतात. भुताखेतांच्या चित्रपटाचं उलटं: शुक्रवारी रात्री दंगा, रविवारी शुकशुकाट.

मुलीला एक नक्की शिकवा. पहिल्या वीकेंडचा आकडा जाहिरात सांगते, चित्रपट कसा आहे ते दुसऱ्या वीकेंडच्या घसरणीवरून कळतं. त्यामागे एक अगदी व्यावहारिक कारणही आहे. सोमवारी सकाळी थिएटरांचे बुकर, म्हणजे कुठला चित्रपट लावायचा ते ठरवणारे, आणि वितरकांचे लोक फोनवर बसतात आणि पुढच्या शुक्रवारपासून कुणाला किती पडदे ते ठरवतात. तीन दिवसांचा आकडा पडला की मंगळवारपर्यंत तुमचा मोठा हॉल जातो आणि चित्रपट सातव्या पडद्यावर, दुपारी सव्वाबारालाच उरतो. मग तो पाहायला कोण येणार? म्हणून चित्रपट लोकांनी नाकारला की वेळापत्रकाने, हे तिसऱ्या आठवड्यात कळेनासं होतं.

हिंदी चित्रपट इथे पहिल्या दहात येतो आणि लगेच गायब होतो. आपल्या लोकांनाच किंमत नाही का? (एक वाचक, हॅरो)

रागावू नका, किंमत आहे म्हणूनच असं होतं. १९९८ साली 'दिल से' पहिल्या दहात गेला तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रं चक्रावली होती. आमच्या लोकांना त्यात नवल नव्हतं. आपला प्रेक्षक फेल्टम, इलफर्ड, हॅरो, लेस्टर, बर्मिंगहॅम अशा ठरावीक ठिकाणी एकवटलेला आहे आणि तो थांबत नाही. भारतात लागतो त्याच दिवशी इथे लागतो, सगळं खानदान पहिल्या तीन दिवसांत येऊन जातं, दुसऱ्या आठवड्यासाठी उरतंच कोण? ५० थिएटरांत ४ लाख पौंड म्हणजे दर थिएटरामागे ८,०००. मघाच्या ६०० थिएटरवाल्यापेक्षा ही सरासरी जास्त, हे तक्त्यात बघायला विसरू नका. 'पठान' बुधवारी, २५ जानेवारी २०२३ ला लागला, पुढे टिकला आणि ४० लाख पौंडांच्या वर गेला. तसं क्वचित होतं.

मराठीचं काय, असंही तुम्ही विचारलंय. मराठी चित्रपटाला इथे बहुधा रविवारचा एखादा शो मिळतो. त्याचा अंदाज मी तक्त्यावरून करत नाही, महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून करते, आणि तो सहसा चुकत नाही.

तीन पौंडांच्या तिकिटाचा दिवस असायचा, त्याने गल्ला वाढायचा का? (एक वाचक, वुलवरहॅम्प्टन)

डोकी वाढायची. शनिवार, ३ सप्टेंबर २०२२ ला असा दिवस होता, तेव्हा देशभरात १४ लाखांहून जास्त तिकिटं गेली. आमच्याकडे दुपारी चारला मोठे पॉपकॉर्नचे डबे संपले आणि आम्ही मोठ्याच्या पैशात दोन मध्यम भरून देत होतो. पण १४ लाख गुणिले ३ करा, फार काही होत नाही. अशा शनिवारी माझा नियम: क्रमांकाचा अंदाज बांधा, पौंडांचा नको.

तुम्ही सगळ्यांत वाईट कधी हरलात? (एक वाचक, बेलफास्ट)

पैशाच्या हिशेबाने, २००८ च्या जुलैत. 'मामा मिया!' पहिल्या वीकेंडला साडेसहा लाख नव्हे, साडेसहा दशलक्ष, म्हणजे ६५ लाख पौंडांच्या आसपास सुरू झाला आणि मी म्हटलं, शेवटी २ कोटी. साधारण तिप्पट, बरोबर धरलं होतं. तो गेला ६ कोटी ९० लाखांवर, दहापट. मंगळवारी दुपारी साठीच्या बायका तिसऱ्यांदा येत होत्या आणि हॉलमध्ये उभ्या राहून गात होत्या, हे मी स्वतः दार धरून बघत होते, तरी आकडा काही वाढवला नाही.

पण जिवाला लागलं ते ७ जुलै २०१८ चं. शनिवार, कडक ऊन, विश्वचषकात इंग्लंड-स्वीडन, दुपारी तीनला. भाऊजींनी बजावलं होतं. मी ऐकलं नाही, म्हटलं, पुरुष मॅच बघतील, बायका-पोरं गारव्याला आमच्याकडे येतील. तीन वाजता पॉपकॉर्नचं काचेचं कपाट गळ्यापर्यंत भरलेलं आणि फॉयरमध्ये आम्ही सहा जण, सगळे युनिफॉर्ममध्ये. सव्वातीनच्या शोला तीन तिकिटं गेली: एक म्हातारं जोडपं आणि एक आजोबा, ज्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं होतं. साडेतीनच्या सुमारास पार्किंगपलीकडच्या पबमधून आरोळी आली, तिकीट फाडणारा मुलगा खुर्चीवरून उडालाच. दुसऱ्या आरोळीला मी वहीतला आकडा खोडला, पण पैज शुक्रवारीच लागली होती. इंग्लंड २-० ने जिंकलं.

रविवारी भाऊजी खास लेस्टरहून गाडी काढून आले, पौंड घ्यायला. बारा बाजूंचं ते नाणं आजही त्यांच्या फ्रिजवर चिकटपट्टीने लावलेलं आहे, खाली तारीख घालून. मी गेले की आधी तेच दाखवतात, पाणी नंतर विचारतात.