तोंडाचा वास घेणं कधी थांबवू?

प्रश्न : नमस्कार ताई, नाव छापू नका. आम्ही इचलकरंजीचे, मिस्टर लूमवर जॉबर आहेत. 12 वर्षं दारू होती, आता व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यापासून पाच महिने थेंब नाही. पण मला चैन पडत नाही, ते आले की आधी तोंडाचा वास घेते, झोपले की खिसे नि फोनमधले पैसे बघते. त्यांना कळलं की चिडतात, म्हणतात एवढं करूनही विश्वास नाही तर पिलेलं काय वाईट. शिवाय रोज संध्याकाळी एएच्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला जातात, आधी गुत्त्यावर आता मीटिंगला, मी आपली एकटीच. सासूबाई म्हणतात परत पिऊ नये म्हणून जेवणात ती नकळत द्यायची पावडर घालत जा. घालू का?

उत्तर : ताई, आधी पावडरीचं, कारण ते अर्जंट आहे. अजिबात घालू नका. असल्या पुड्यांमध्ये नेमकं काय असतं ते कोणी लिहीत नाही, आणि त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध, असेल नि त्यांनी कुठे घोटभर घेतली तर उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, जीवावरही बेतू शकतं. हे औषध डॉक्टर देतात, पण तपासण्या करून, पेशंटला सगळं सांगून, त्याच्या संमतीने. आणि समजा काही झालं नाही तरी ज्या दिवशी त्यांना कळेल की बायको ताटात काहीतरी कालवतेय, त्या दिवसापासून ते घरी नीट जेवणार नाहीत हो.

आता वासाचं. 12 वर्षं तुमचं नाक घरचा पहारेकरी होतं, ते पाच महिन्यांत सुट्टीवर कसं जाईल? तेव्हा स्वतःला दोष देऊ नका. पण चोरून बघण्यात एक गोची आहे, काही सापडलं नाही तरी तुमचं समाधान होत नाही, उद्या परत बघावंसं वाटतं. म्हणून जे बघायचं ते दोघांनी ठरवून उघड बघा. पगार झाला की घरखर्चाचे पैसे त्यांनी स्वतः तुमच्याकडे द्यायचे, उशीर होणार असेल तर फोन करायचा, फॉलोअपला दोघांनी मिळून जायचं. बदल्यात खिसे बंद. हे बोलणं भांडणात काढू नका, आणि ते दमून उपाशी आलेत तेव्हा तर नकोच, भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार वेळा जपायच्या असं एएवाले स्वतःच सांगतात.

त्यांची चिडचिड मात्र सगळीच तुमच्यामुळे नाही. दारू सुटल्यावर झोप नि मूड जाग्यावर यायला काही महिने लागू शकतात, डॉक्टरांना सांगा. पण "मग पितोच" ही धमकी झाली, ती ऐकून घाबरून माघार घेऊ नका. पिणं न पिणं त्यांच्या हातात, तुमच्या वागण्यावर ते टांगायचं नाही. आणि हात उचलत असतील तर मग समजुतीच्या गप्पा बाजूला ठेवा, 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा, माहेरी कळवा.

मीटिंगचा राग येणं मी समजू शकते, पण ती तोडू नका. आठवड्यातली एक संध्याकाळ घरासाठी मागून घ्या, ते रास्त आहे. त्यापेक्षा मला विचाराल तर तुम्हीही तुमची मीटिंग शोधा! एए 1935 साली अमेरिकेत सुरू झालं, आणि तिथल्या बायकांना दिसलं की नवरा सुधारला तरी आपण आहोत तिथेच आहोत, त्यातून 1951 मध्ये घरच्यांसाठी अल-अॅनॉन उभं राहिलं. फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही बायकांचा सहचरी गट आहे. तुमच्या भागात कुठे काय आहे ते मिस्टरांच्या ग्रुपमध्येच विचारा. झोपच येत नसेल, छातीत धडधडत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे.

प्रश्न : वय 27, गांजा-दारू सोडून आठ महिने झाले. घरी स्थळं बघताहेत, आई म्हणते मुलीकडच्यांना काही सांगू नको, लग्न झालं की सगळं सुरळीत होतं. काय करू?

उत्तर : सांगायचं. कांदेपोह्यांच्या वेळी सगळ्यांसमोर नको, पण होकाराच्या आधी मुलीला एकटीला भेटून, स्वतःच्या तोंडाने. काय घेत होतास, कधी सोडलंस, आता काय उपचार चालू आहेत, एवढं पुरे. ती नाही म्हणाली तर तो तिचा हक्क आहे. लग्न हे काही व्यसनावरचं औषध नाही, आईंना हे तू सांगून पटणार नाही, समुपदेशकाकडे घेऊन जा. आणि खरं सांगू का, पहिलं वर्षभर असे मोठे निर्णय घेऊ नको असं एएतले जुने लोक सांगतात, मला ते पटतं. चार महिने थांबलास तर स्थळं काही पळून जात नाहीत. मध्येच क्रेव्हिंग आलं नि कोणी जवळ नसेल तर व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446 आहे, नंबर आजच सेव्ह करून ठेव.