भीड आणि संकोच

‘मित्राला उसने दिलेले पैसे परत मागायची भीड वाटते’ आणि ‘संकोच वाटतो’ या दोन वाक्यांत काही फरक आहे, की हे निव्वळ समानार्थी शब्द आहेत, असा प्रश्न विचारला गेला आहे. या वाक्यात दोन्ही शब्द खपून जातात हे खरे. पण त्यांची कुळे निराळी आहेत आणि स्वभावही निराळे आहेत.

संकोच म्हणजे आक्रसणे. ‘अधिकारांचा संकोच’ म्हणतो तेव्हा हा मूळ अर्थ स्पष्ट दिसतो. माणसाला संकोच वाटतो तेव्हाही तो असाच स्वतःत मिटतो. समोरचा परका असो, परिचित असो, किंवा नुसती भरलेली सभा असो. भिडेला मात्र समोर कोणीतरी विशिष्ट माणूस लागतो. आपण ‘मामांची भीड पडली’ म्हणतो, ‘मामांचा संकोच पडला’ असे कोणी म्हणत नाही. वजन मामांचे असते आणि दबतो आपण.

लग्नाच्या पंगतीत हा फरक चांगला कळतो. यजमान ‘संकोच करू नका, सावकाश होऊ द्या’ म्हणतात, कारण संकोचाने पाहुणा अर्धपोटी उठतो. तोच पाहुणा पोट भरल्यावरही, व्याही स्वतः वाढायला आले म्हणून, आणखी दोन जिलब्या पानात घेतो, त्या भिडेखातर. म्हणजे संकोच माणसाला अडवतो, तर भीड त्याला अडवतेही आणि नको ते करायलाही लावते. जामिनाच्या कागदावर सही होते ती भिडेपोटी, संकोचापोटी नव्हे. ‘भीड ही भिकेची बहीण’ ही म्हण याच अनुभवातून आलेली दिसते.

नकारार्थी रूपे पाहिली तर छटा आणखी उघड होतात. ‘निःसंकोच विचारा’ हे साधे सौजन्य झाले, तर ‘निर्भीड संपादक’ हा गौरव झाला. निर्भीड म्हणजे निर्भय असे अनेकजण धरून चालतात. पण तुरुंगाला न घाबरणारा संपादकही जुन्या स्नेह्याविरुद्ध लिहिताना कचरू शकतो. तो निर्भय खरा, निर्भीड नव्हे. (हिंदीच्या सहवासाने हल्ली ‘देवळात फार भीड होती’ असेही कानावर येते, तिथे आपली ‘गर्दी’ पुरेशी आहे.)

लाज या दोहोंपासून दूर उभी आहे, कारण तिच्यात बरेवाईटाचा निवाडा असतो. ‘लाज वाटायला हवी’ असे खडसावता येते, ‘भीड वाटायला हवी’ असे नाही. ‘मुर्वत’ भिडेच्या अगदी जवळची असली, तरी आता ती ‘भीडमुर्वत’ या जोडशब्दात किंवा ‘मुर्वत न ठेवता’ अशा नकारातच बहुधा भेटते.

तेव्हा मूळ वाक्यापुरते सांगायचे, तर पैशाचा विषय काढणेच तुम्हाला अवघड जात असेल तर ‘संकोच’ लिहावे. इतरांकडे बिनदिक्कत तगादा लावता, पण या एका मित्रापुढे शब्द फुटत नसेल, तर ‘भीड’.