चिन्ह बदलण्याची घाई नको

अगं, समीकरणं शिकवताना पहिल्याच तासाला ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे सांगून मोकळी होऊ नकोस. मग पोरं ३क्ष = १२ मधला ३ वजा करून पलीकडे नेतात आणि बिनधास्त क्ष = ९ लिहितात.

आपल्या इंदूरच्या पोरांना पोहे-जिलबीचं बिल दे. तीन प्लेट पोहे, २० रुपयांची जिलबी, एकूण ११०. एका प्लेटचे क्ष रुपये धरले, म्हणजे ३क्ष + २० = ११०. आधी जिलबीचे २० दोन्ही बाजूंतून काढायचे, उरले ९०, मग तीनने भाग. आधीच भागायला निघालेल्याला अडवू नकोस, फक्त २० लाही भागायला लाव. अपूर्णांक बघून स्वतःच वैतागेल!

उत्तर मूळ समीकरणात घालून तपासल्याशिवाय बरोबरची खूण देऊ नकोस. ७ − क्ष = ३ सारखी मात्र दुसऱ्या आठवड्यात घे.