घरच्या लिनक्स राउटरवर डीएनएस आणि डीएचसीपी कसं लावावं? लाईट जाऊन आल्यावर कॅमेरे का हरवतात?

प्रश्नावरून मला समजलं ते असं. चोपड्याजवळ गावात तुमचं घर आहे, फायबरचं कनेक्शन आहे. जुन्या डेस्कटॉपवर उबंटू टाकून दोन नेटवर्क कार्डं लावली आहेत आणि आतल्या बाजूला नेट पोहोचतंय. आता यंत्रांना पत्ते वाटणं (डीएचसीपी) आणि नावावरून पत्ता शोधणं (डीएनएस) हे काम त्याच मशीनकडे द्यायचं आहे. कुणीतरी बाइंड हा डीएनएस सर्व्हर आणि आयएससी या संस्थेचा डीएचसीपी सर्व्हर सुचवलाय. शिवाय लाईट जाऊन आली की दोन कॅमेरे मोबाइलवर दिसत नाहीत.

घरासाठी हे दोन्ही नका टाकू. आयएससीने त्यांच्या जुन्या डीएचसीपी सर्व्हरची देखभाल २०२२ च्या शेवटी थांबवली, नव्या कामासाठी ते स्वतःच 'किया' वापरायला सांगतात. बाइंड उत्तम आहे, पण ते ज्यांना जगाला डोमेन पुरवायचं आहे त्यांच्यासाठी. तुम्हाला हवं ते सायमन केली यांचं डीएनएसमास्क. एकाच छोट्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही कामं होतात. पत्ता दिला त्याच क्षणी त्या यंत्राचं नावही डीएनएसला कळतं, दोन सर्व्हर एकमेकांशी जुळवत बसावं लागत नाही. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं लिनक्ससुद्धा मुळात हेच वापरतं.

मी भुसावळचा. आपल्याकडे घरच्या राउटरची परीक्षा वेगावर होत नाही, लाईट परत आल्यावर होते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, डीपीवर लोड, दुपारी फॉल्ट. तुम्ही पुण्याला नोकरीवर आणि घरी आई-वडील. त्यांना फोनवरून कमांड टाइप करायला लावणं बरोबर नाही. म्हणून लाईट आल्यावर कुणी हात न लावता सगळं उभं राहिलं पाहिजे, आणि पुढची प्रत्येक सेटिंग मी याच हिशेबाने सांगतोय.

कॅमेऱ्यांपासून सुरू करू. डीएचसीपीत चार टप्पे असतात: यंत्र सगळ्या नेटवर्कला हाक मारतं, सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, यंत्र तो मागतं, सर्व्हर पक्का करतो. लाईट आली की कॅमेरा लगेच हाक मारायला लागतो आणि तुमचा डेस्कटॉप अजून हार्ड डिस्क तपासत असतो. उत्तर मिळालं नाही की काही कॅमेरे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात, काही कंपनीने घालून दिलेल्या पत्त्यावर जाऊन बसतात. चांगलं यंत्र अधूनमधून पुन्हा विचारत राहतं. स्वस्त कॅमेरे विचारतीलच असं नाही.

यावर तीन गोष्टी करा. बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणारा मदरबोर्डचा मेनू) वीज परत आल्यावर मशीन आपोआप चालू होण्याची सेटिंग असते, ती चालू करा. डेस्कटॉप आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. आणि जे कॅमेरे ऐकतच नाहीत त्यांना, तसंच डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा), त्यांच्याच मेनूत कायमचा पत्ता द्या, मात्र तो वाटपाच्या रेंजच्या बाहेरचा.

पत्त्यांची आखणी कागदावर आधी करा. फायबरवाल्याचा डबा बहुतेक १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० वापरतो. आतही तेच ठेवलं तर कुठलं पाकीट कुठल्या कार्डातून पाठवायचं याचा गोंधळ होतो. आत १९२.१६८.५० घ्या. शेवटचा आकडा राउटरला १, डीव्हीआर आणि हट्टी कॅमेऱ्यांना २ ते ३०, नावानिशी राखीव यंत्रांना ३१ ते ९९, आणि पाहुण्यांसकट बाकी सगळ्यांना १०० ते २००.

आता सेटिंगची फाइल. ओळी मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा. ईटीसीमधल्या डीएनएसमास्क-डॉट-डी फोल्डरात नवी फाइल करा म्हणजे मूळ फाइलला धक्का लागत नाही.

इंटरफेस= आणि पुढे आतल्या कार्डाचं नाव
बाइंड-डायनॅमिक
नो-रिझॉल्व्ह
सर्व्हर=१.१.१.१
सर्व्हर=९.९.९.९
डोमेन-नीडेड
बोगस-प्रिव्ह
डोमेन=होम.आर्पा
लोकल=/होम.आर्पा/
एक्स्पांड-होस्ट्स
कॅश-साइझ=१०००
डीएचसीपी-रेंज=१९२.१६८.५०.१००,१९२.१६८.५०.२००,१२एच

यातली सगळ्यात मोलाची ओळ बाइंड-डायनॅमिक. उबंटूमध्ये सिस्टमडी-रिझॉल्व्हड ही त्याची स्वतःची नावं शोधणारी सेवा आधीपासून १२७.०.०.५३ वर डीएनएसचं ५३ नंबरचं पोर्ट धरून बसलेली असते, त्यामुळे डीएनएसमास्क इन्स्टॉल होताना पोर्ट व्यापल्याची एरर येते. घाबरू नका, या ओळीमुळे डीएनएसमास्क फक्त आपल्या ठरलेल्या पत्त्यांवर ऐकतं आणि भांडण मिटतं. त्याहून मोठा फायदा लाईट आल्यावरचा. बाइंड-इंटरफेसेस ही जुनी पद्धत वापरली आणि बूट होताना कार्ड उशिरा जागं झालं, तर डीएनएसमास्क कार्ड सापडत नाही म्हणून बंद पडतं. बाइंड-डायनॅमिक वाट पाहतं आणि कार्ड आलं की कामाला लागतं.

डोमेन-नीडेड आणि बोगस-प्रिव्ह यांच्यामुळे घरातल्या नावांची आणि खासगी पत्त्यांची चौकशी बाहेर जात नाही. घरच्या नावांसाठी 'होम डॉट आर्पा' हे २०१८ साली अधिकृतपणे राखून ठेवलंय. 'डॉट लोकल' टाळा, ते प्रिंटर वगैरे एकमेकांना शोधतात त्या वेगळ्या यंत्रणेचं आहे. रेंजच्या ओळीतलं शेवटचं १२एच म्हणजे दिलेल्या पत्त्याची मुदत; ती न लिहिल्यास एक तासाची धरली जाते. मी १२ तास ठेवतो, कारण यंत्रं अर्धी मुदत संपली की नूतनीकरण मागतात, आणि मुदत लांब असेल तर राउटर थोडा वेळ बंद राहिला तरी फोन-टीव्हीचा पत्ता टिकून राहतो.

राखीव पत्त्यासाठी डीएचसीपी-होस्ट= लिहून पुढे मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक), नाव आणि आयपी स्वल्पविरामाने द्या. हे प्रिंटर, टीव्ही आणि ऐकणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी. फोनसाठी करू नका. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन वाय-फायवर बनावट मॅक पत्ता दाखवतो. कायमचा पत्ता दिलेल्या डीव्हीआरचं नाव ईटीसीमधल्या होस्ट्स फाइलमध्ये लिहा, तिथून ते सगळ्या घराला मिळतं. त्याच फाइलमध्ये उबंटूने मशीनच्या नावापुढे १२७.०.१.१ लिहिलेलं असतं. ते १९२.१६८.५०.१ करा, नाहीतर राउटरचं नाव विचारणाऱ्या प्रत्येक फोनला तो स्वतःचाच पत्ता मिळेल.

फायरवॉलमध्ये आतल्या बाजूने डीएचसीपीसाठी यूडीपी ६७ आणि डीएनएससाठी ५३ नंबर यूडीपी-टीसीपी दोन्हींवर उघडा. बाहेरच्या बाजूने ५३ बंदच हवं. उघडा डीएनएस दुसऱ्यांवर हल्ले करायला वापरला जातो, हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

गावातलं जुनं धाब्याचं घर असेल तर मातीच्या जाड भिंतीपलीकडे वाय-फाय पोहोचत नाही आणि लोक मागच्या खोलीत जुना राउटर लावतात. लावा, पण त्याचा डीएचसीपी बंद करून, त्याला १९२.१६८.५० मधलाच पण वाटपाच्या रेंजबाहेरचा, २ ते ३० मधला कायमचा पत्ता देऊन, आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात घालून. एका घरात दोन डीएचसीपी म्हणजे एका शेताला दोन वाटेकरी: ज्याचं उत्तर आधी पोहोचेल त्याचा पत्ता यंत्र घेतं आणि अर्धं घर भलत्याच गेटवेकडे (बाहेर जायच्या दाराकडे) जातं. संशय आला तर टीसीपीडंप हा नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम लावून ६७ आणि ६८ ही पोर्टं बघा, उत्तर कुठून येतंय ते उघड दिसतं.

डीएनएसेक, म्हणजे डीएनएसची उत्तरं सहीवरून खरी आहेत का ते तपासणं, चालू करणार असाल तर आधी घड्याळ पाहा. डीएनएसेकच्या सह्यांना मुदत असते. जुन्या मदरबोर्डचा सेल संपला असेल, किंवा रास्पबेरी पाय ४ सारखा मुळात सेलच नसलेला बोर्ड असेल, तर लाईट गेल्यावर तारीख मागे पडते. मग सह्या चुकीच्या ठरतात, नावं सापडत नाहीत, वेळ देणाऱ्या सर्व्हरचं नावही सापडत नाही, आणि तारीख सुधारायचा रस्ताच बंद होतो. डेस्कटॉपला नवा सीआर २०३२ सेल टाका. डीएनएसमास्कमध्ये डीएनएसेक-टाइमस्टॅम्प ही सोयही आहे: घड्याळ बरोबर असल्याची खात्री होईपर्यंत ते सह्यांच्या तारखा तपासत नाही.

एखादा फोन घरातली नावं ओळखत नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस पाहा. तिथे एखाद्या कंपनीचं नाव भरलेलं असेल तर तो तुमच्या डीएनएसला विचारतच नाही.

फाइल झाली की डीएनएसमास्क टेस्ट पर्यायासह चालवून लिहिण्यातल्या चुका तपासा, मग सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि एका फोनचं वाय-फाय बंद-चालू करून जर्नलमध्ये (लिनक्सची नोंदवही) डीएचसीपीचे टप्पे, निदान शेवटचे दोन, दिसतात का ते पाहा. यानंतरची चाचणी सुट्टीच्या दिवशी, तुम्ही गावी असताना करा: मशीन नीट शटडाउन करा, मग घरचा मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून थोड्या वेळाने चालू करा आणि कशालाही हात लावू नका. कॅमेरे आपोआप परत आले तर काम झालं. नाही आले तर जर्नलमधल्या डीएनएसमास्कच्या ओळी आणि कॅमेऱ्याचं मॉडेल इथे टाका, मॅक पत्ते झाकून. मी पाहतो.