गाडीवरचं मीठ वाळतं, पण थांबत नाही

मागच्या अंकात चेनच्या देखभालीवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत चेनपेक्षा गंजाचीच विचारणा जास्त आहे. मी स्वतः अकरा वर्षं समुद्रालगतच्या रस्त्याने रोज ये-जा केली आहे. माझी पहिली मोटरसायकल मोडीत गेली ती इंजिन थकलं म्हणून नव्हे, गंजामुळे. इंजिन शेवटच्या दिवशीही पहिल्या किकला सुरू झालं होतं. ती रुखरुख अजून आहे, म्हणून आजची सगळी जागा याच विषयाला देतो.

प्रश्न : आम्ही समुद्राजवळ राहतो. मी गाडी कधी वाळूत नेत नाही, पावसात उभी करत नाही. पाण्याने गंज चढतो म्हणून धूतही नाही, रोज कोरड्या फडक्याने पुसते. तरी दोन वर्षांत स्पोक, नट-बोल्ट आणि सायलेन्सरची क्लॅम्प तांबडी पडली. माझं काय चुकलं?

ताई, तुम्ही गाडीची काळजी मनापासून घेतलीत, पण ज्याला भ्यायचं ते मीठ, पाणी नव्हे. लाट फुटते तेव्हा तिचे बारीक तुषार वाऱ्यावर चढतात. त्यातलं पाणी उडून जातं आणि मीठ तुमच्या गाडीवर येऊन बसतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे गाडी लाटेपर्यंत नेण्याची गरजच पडत नाही.

बसलेलं मीठ वाळलं की काम संपलं असं वाटतं. तसं होत नाही. साधं मीठ हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की हवेतूनच पाणी ओढून घेतं आणि त्यात विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि त्याला तर तेहतीस टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता पुरते. म्हणजे डोळ्यांना कोरडी दिसणारी गाडी रात्रभर खाऱ्या पाण्याच्या पातळ थराखाली उभी असते. या थरात लोखंडाचा एक ठिपका विरघळत जातो आणि शेजारच्या ठिपक्यावर हवेतला ऑक्सिजन त्याचे इलेक्ट्रॉन उचलतो, अगदी छोट्या बॅटरीसारखं. गोड्या पाण्यातून वीज फार जात नाही, खाऱ्यातून सहज जाते, म्हणून ही बॅटरी जोरात चालते. त्यात मिठातलं क्लोराइड धातूवरचा नैसर्गिक संरक्षक पापुद्राही भेदतं. स्टेनलेसवरसुद्धा टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात ते याच्यामुळे.

कोरडं फडकं हे मीठ उचलत नाही, घासतं. सोबत धुळीचे कण असतातच. रंगावर बारीक ओरखडे उठतात आणि उरलेलं मीठ सांध्यांत, बोल्टच्या डोक्याखाली सरकतं.

पावसापासून गाडी जपलीत, पण पाऊस जिथे पोचतो तिथलं मीठ तो धुऊन नेतो. माझ्या पहिल्या गाडीच्या मागच्या मडगार्डची वरची बाजू आरशासारखी होती. आत बोट फिरवलं तर पत्र्याचा तुकडाच हातात आला. वरून पाऊस पडत होता, आतून कुणीच धूत नव्हतं. म्हणून धुताना टाकी आणि हेडलाइट यांच्यावर वेळ घालवू नका, ते दिसतं म्हणून आपण पुसतोच. मडगार्डच्या आतल्या बाजू, इंजिनखालचा भाग, स्टँडची स्प्रिंग, फूटरेस्टचे सांधे आणि स्पोक रिमला मिळतो तिथली निपल या जागा धुवा. सुरुवात फक्त गोड्या पाण्याने, साध्या पाइपने, सावकाश. साबण नंतर, आणि तो गाडीचा शाम्पू असू द्या. भांड्यांच्या बऱ्याचशा लिक्विड साबणांत घट्टपणासाठी मीठच घातलेलं असतं, शिवाय ते गाडीवरचं मेणही काढून टाकतात.

गरम पाण्याची गरज नाही. मीठ गार पाण्यातही जवळपास तितकंच विरघळतं : शंभर मिलिलिटर पाण्यात शून्य अंशाला सुमारे ३६ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात ३९. मोठ्या दाबाचा फवारा चाकाच्या आणि हँडलच्या बेअरिंगवर, चेनवर किंवा वायरिंगच्या कनेक्टरवर धरू नका. रबरी सील ओलांडून पाणी आत गेलं की ग्रीस धुऊन जातं, आणि आत अडकलेलं पाणी बाहेर यायचा मार्ग शोधत नाही.

धुतल्यावर मऊ कपड्याने टिपा आणि पंधरा मिनिटं गाडी चालवून आणा. इंजिनच्या उष्णतेने कोपरे सुकतात, दोन-चार वेळा हलके ब्रेक मारले की डिस्कही कोरडी होते. तुमच्याकडे आठवड्यातून एकदा एवढं पुरे. वारं समुद्राकडून जोरात असलं किंवा अंगावर तुषार आले, तर त्याच दिवशी.

प्रश्न : काका, मी शिकायला बर्फाच्या प्रदेशात आलोय. रस्त्यावर मीठ टाकतात. मी गाडी रोज उबदार गॅरेजमध्ये लावतो, तरी ती उघड्यावर उभ्या असणाऱ्या मित्राच्या गाडीपेक्षा जास्त गंजली. असं कसं?

रासायनिक क्रिया उबेत वेगाने होते, थंडीत मंदावते. तू खारट चिखलाने माखलेली गाडी उबेत नेऊन ठेवतोस, म्हणजे गंजाला रात्रभर पोषक हवा देतोस. गॅरेज वाईट नाही, फक्त आत नेण्याआधी गार पाण्याने खालून धुऊन घे. पाणी गोठण्याइतकी थंडी असेल आणि धुणं शक्यच नसेल, तर त्या रात्री गाडी थंड, आडोशाच्या जागी ठेव आणि पारा चढेल त्या दिवशी सगळ्यात आधी धू. रस्त्यावर अनेक ठिकाणी साध्या मिठाबरोबर कॅल्शियम क्लोराइडही टाकतात. ते कोरड्या हवेतही ओलं राहतं, त्यामुळे रस्ता सुकलेला दिसला तरी चाकांनी उडवलेला कण ओलाच असतो.

प्रश्न : गाडीखाली जळकं ऑइल फासावं की डब्ल्यूडी-४० मारावं? दोन मेकॅनिक दोन गोष्टी सांगतात.

जळकं ऑइल नको, अगदी नको. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं आणि काजळी असते. त्यावर धूळ चिकटते, धुळीत मीठ रुजतं, आणि उन्हात ते ओघळून मागच्या टायरवर किंवा ब्रेकवर आलं तर जीवावर बेततं.

डब्ल्यूडी-४० हे पाणी हटवण्यासाठी बनलेलं आहे. नावातल्या दोन अक्षरांचा अर्थच तो आहे. १९५३ साली ते तयार झालं आणि पुढे ॲटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून वापरलं गेलं. ओल्या प्लगवर, कुलपात, धुतल्यावर राहिलेलं पाणी काढायला मी ते आनंदाने वापरतो. पण त्याचा थर पातळ असतो, खारट पाण्याच्या माऱ्यात तो आठवडेच्या आठवडे टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका. टिकाऊ संरक्षणासाठी मेणाचा किंवा लॅनोलिनचा, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट पदार्थाचा, गंजरोधक फवारा घ्या. तो चॅसीवर, बोल्टच्या डोक्यांवर, स्टँडच्या बिजागरीवर द्या. पोकळ नळ्यांच्या आतही द्या, फक्त पाणी निचरायची भोकं बुजवू नका. डिस्क, ब्रेक पॅड, लायनर, टायर आणि पाय ठेवायची रबरं यांच्यावर एक थेंबही जाता कामा नये. मी डिस्कवर जाडं प्लास्टिक बांधूनच फवारा हातात घेतो.

आणि हे सगळं स्वच्छ, कोरड्या धातूवरच. मिठावर मेण दिलंत तर मीठ आत कोंडलंत.

प्रश्न : चॅसीवरचा गंज घासून रंग मारला. सहा महिन्यांत फोड आले आणि पोपडे निघाले. रंग हलका होता का?

रंगाला दोष देऊ नका. तुम्ही बहुधा वरचा भुगा घासलात, खड्ड्यांच्या तळाचा गंज आणि त्यातलं मीठ तसंच राहिलं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून वाढताना वरचा रंग उचलतो. ॲल्युमिनियमवरचा पापुद्रा घट्ट बसतो आणि खालच्या धातूला जपतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, हवा-पाणी आत जाऊ देतो आणि काम चालूच राहतं.

या वेळी वायर ब्रशने सैल गंज काढा, मग पॉलिश पेपरने चकाकता धातू दिसेपर्यंत घासा. शाबूत रंगाची कडा हाताला लागणार नाही इतकी उतरती करा. नंतर गोड्या पाण्याने धुवा, ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. धुऊन, सुकवून तासाभरात पुन्हा तांबूस झाक आली, तर मीठ अजून आत आहे असं समजा आणि परत घासा. खोल खड्ड्यांत रस्ट कन्व्हर्टर लावा. त्यातल्या टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्लाने उरलेला गंज स्थिर, काळपट थरात बदलतो. त्यावर जस्तयुक्त प्रायमर चालेल का ते कन्व्हर्टरच्या डब्यावर वाचा. जस्त काम करतं ते उघड्या लोखंडाला चिकटल्यावर, मधल्या थरावर नाही. रंगाचे दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा बरे.

प्रश्न : गंज नको म्हणून इंजिनचे सगळे बोल्ट स्टेनलेसचे बसवले. बोल्ट चकचकीत आहेत, पण आता एकही फिरत नाही आणि भोवती पांढरी पूड जमली आहे.

ती पूड म्हणजे तुमच्या इंजिनचं केसिंग, म्हणजे बाहेरचं ॲल्युमिनियमचं कवच आहे. दोन वेगळे धातू खारट पाण्यात एकमेकांना टेकले की त्यातला दुबळा विरघळतो आणि दुसरा वाचतो. इथे ॲल्युमिनियम दुबळं ठरलं. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये हाच गुण उपयोगात आणायचं सुचवलं होतं : जहाजाच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवायला त्याला जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडायचे, म्हणजे झीज त्या तुकड्यांची होईल. तुमच्याकडे तो तुकडा म्हणजे केसिंगचे आटे झाले आहेत.

जोर लावू नका. आत शिरणारं तेल बोल्टभोवती सोडून रात्रभर थांबा. मग हॉट एअर गनने बोल्टला नव्हे, भोवतालच्या केसिंगला ऊब द्या. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे पकड ढिली होते. पेट्रोलची टाकी जवळ असताना उघडी ज्योत कधीच नको. बोल्ट आधी किंचित आवळायच्या दिशेने आणि मग सोडायच्या दिशेने, असा मागेपुढे फिरवा.

पुन्हा बसवताना आट्यांना अँटीसीझ पेस्ट, म्हणजे बोल्ट जाम होऊ न देणारं मलम, लावा. आटे निसरडे झाले की त्याच टॉर्कला, म्हणजे पान्याच्या त्याच जोराला, बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून हात आवरून आवळा. ब्रेक कॅलिपर आणि ॲक्सल यांना बाजारातले साधे स्टेनलेस बोल्ट लावू नका. तिथले मूळ बोल्ट जास्त ताकदीचे असतात, चकाकी बघून बदलण्याची ती जागा नाही.

प्रश्न : सायलेन्सर बाहेरून लख्ख, पण खालून भोक पडलं. गाडी रोज फक्त दीड किलोमीटर चालते.

कारण तेच दीड किलोमीटर. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. सायलेन्सर पुरता तापला नाही तर ती वाफ आतच थंड होऊन साचते. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग चालवा आणि निचऱ्याचं बारीक भोक बुजलेलं नाही ना, ते बघा.

प्रश्न : वडिलांची जुनी गाडी पाच वर्षं खाऱ्या हवेत झाकून होती. फोटो जोडला आहे. ती पुन्हा चालवायची फार इच्छा आहे. वाचेल का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. प्लास्टिकच्या आच्छादनाखाली दमट हवा कोंडली होती, त्यामुळे टाकी, स्पोक, क्रोम सगळंच वाईट दिसतं आहे. ते घाबरवणारं असलं तरी दुरुस्त होणारं आहे. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या नळ्यांवर नखाला लागतील असे खड्डे असतील तर त्या नव्याने क्रोम करून घ्या किंवा बदला, नाहीतर ऑइल सील फाटून तेल पुढच्या ब्रेकवर येईल. ब्रेकचे होज नवेच घ्या.

माझं लक्ष गेलं ते स्टँडच्या वरच्या नळीकडे. तिथे रंग फुगलेला दिसतो. जाड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्या नळीवर ठोका. टणटणीत आवाज आला तर पुढे जा. बद्द आवाज आला तर टोक टेकवून दाबा. मागचं चाक धरणारा स्विंगआर्म बसतो तिथे, स्टँडच्या पायाशी आणि हँडलखालच्या वेल्डिंगपाशी हेच करा. माझ्या पहिल्या गाडीत टोक थेट आत गेलं होतं, आणि त्याआधीचे सहा महिने मी तिच्यावर मुलीला मागे बसवून फिरत होतो. तुमच्याकडे टोक आत गेलं, तर चॅसी कापून नवी नळी जोडणारा जाणकार वेल्डर गाठा आणि तोवर गाडी फक्त ढकलून न्या. टोक गेलं नाही, तर आधी धुवा, सुकवा आणि रंगाचा डबा उघडण्यापूर्वी मला त्या सगळ्या जागांचे जवळून काढलेले फोटो पाठवा.