सुरुवात कुर्स्कपासून कर
अरे, रेकॉर्डवरचा धक्का स्फोटाचा की भूकंपाचा हे ओळखायला शिकायचंय ना, मग डायरेक्ट अणुचाचण्यांच्या मागे लागू नकोस, आधी कुर्स्क घे. 12 ऑगस्ट 2000, बॅरेंट्स समुद्रात स्फोट होऊन कुर्स्क ही रशियन पाणबुडी बुडाली, नॉर्वेतल्या सिस्मोमीटरवर (जमिनीची कंपनं नोंदवणारं यंत्र) दोन धक्के आले, पहिला बारीक आणि 135 सेकंदांनी दुसरा दणदणीत. दुसऱ्याचा स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती जोर, याचा आलेख) काढून बघ, ठरावीक अंतराने चढउतार दिसतील, कारण पाण्यात स्फोटाच्या वायूचा बुडबुडा फुगतो, आकसतो, परत फुगतो आणि तो ठोका रेकॉर्डमध्ये उतरतो, भूकंपात हे कुठून येणार! नुसतं मॅग्निट्यूड (धक्क्याची तीव्रता) बघून काही कळत नाही बाबा. जमिनीखालच्या स्फोटात पी वेव्ह (आधी पोचणारी, दाबाची लाट) जोरात, एस वेव्ह (मागून येणारी, आडवी हलवणारी) त्यामानाने मरतुकडी, पण एकाच स्टेशनवर विसंबू नकोस, खाणीतले सुरुंगपण बरेचसे तसेच दिसतात. आणि नको त्या फ्रीक्वेन्सी गाळणारा फिल्टर लावायच्या आधी रॉ ट्रेस, म्हणजे यंत्राची मूळ नोंद, बघ.